वॉशिंग्टनच्या ३९ काउंट्या: जिओकॅशिंगचं काउंटी चॅलेंज पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सिअॅटलजवळच्या रेडमंड, बेलव्ह्यू, बॉथेल या पट्ट्यातल्या मराठी घरांची सुट्टीतली भटकंती साधारण ठरलेली असते. स्नोक्वाल्मीचा धबधबा, लेवनवर्थ, माउंट रेनियर, एप्रिलमध्ये स्कॅजिटचे ट्युलिप, आणि भारतातून आई-बाबा आले की पुन्हा तेच. दोन-तीन वर्षांत यादी संपते आणि वॉशिंग्टन राज्य पाहून झालं असं वाटायला लागतं. राज्यात काउंट्या आहेत ३९, आणि आपण त्यांतल्या सात-आठ सोडून कुठे फिरकलेलो नसतो. बाकीच्या ठिकाणी जायला निमित्त हवं असेल तर हे चॅलेंज घ्या. आम्ही ते पूर्ण केलंय, आणि नव्या माणसाला कुठे अडायला होतं ते आता नीट माहीत आहे.

जिओकॅशिंग ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: कुणीतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंगच्या साइटवर टाकतो, आपण जीपीएस घेऊन तो शोधतो, आतल्या कागदावर सही करतो आणि डबा होता तसा ठेवून येतो. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसच्या अचूकतेवरचा अडसर काढला आणि लगेच ३ मे रोजी शेजारच्या ओरेगनमध्ये, क्लॅकमस काउंटीत, पहिला डबा ठेवला गेला. साइट चालवणाऱ्यांचं मुख्यालय आपल्या सिअॅटलच्या फ्रीमाँट भागात आहे. थोडक्यात, हा खेळ इथल्याच मातीतला आहे.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा. महाराष्ट्राच्या छत्तीसही जिल्ह्यांत जाऊन एकेक डबा शोधायचा, अशी कल्पना करा; इथे ते ३९ आहेत. सगळ्या काउंट्यांत किमान एकेक डबा सापडला की चॅलेंजचा म्हणून जो वेगळा डबा असतो, तो तुमच्या नावावर नोंदवता येतो. गाडी चालवणं हे यातलं सोपं काम. माणूस अडतो तो नियम, काउंटीच्या सीमा आणि ऋतू यांच्यापाशी.

१. आधी चॅलेंजचं पान शेवटपर्यंत वाचा

चॅलेंजचे डबे नकाशावर प्रश्नचिन्हाच्या खुणेने दिसतात आणि त्यांच्या नावात ‘चॅलेंज’ हा शब्द असतो. काउंट्यांवर आधारलेली चॅलेंजेस एकाहून अधिक असू शकतात आणि प्रत्येकाची अट थोडी निराळी असते. कुठे कुठलाही डबा चालतो, कुठे विशिष्ट प्रकारचाच लागतो, कुठे एका काउंटीत एकाहून जास्त मागतात. पहिल्यांदा करताना ‘प्रत्येक काउंटीत कोणताही एक’ एवढीच अट असलेलं चॅलेंज निवडा.

मे २०१६ पासून नियम बदलले. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक चॅलेंजच्या पानावर चेकरचा दुवा असावाच लागतो. तिथे आपलं खेळातलं नाव टाकलं की किती काउंट्या झाल्या आणि कुठल्या उरल्या ते दिसतं. त्याआधीच्या जुन्या चॅलेंजेसना चेकर असेलच असं नाही. तिथे डब्याच्या मालकाला यादी द्यावी लागते. म्हणून चेकर असो वा नसो, स्वतःची यादी पहिल्या दिवसापासून ठेवा.

आणखी एक गोष्ट नव्या लोकांना कुणी सांगत नाही. चॅलेंजच्या डब्यावर सही अट पूर्ण होण्याआधीही करता येते. तो वाटेवर असेल तर खुशाल थांबा, सही करा, आणि साइटवर ‘सापडला’ऐवजी नुसती टीप लिहा. ३९ पूर्ण झाल्यावर घरबसल्या त्याचं ‘सापडला’ करता येतं. सही आणि अट, दोन्ही झाल्याशिवाय मात्र ‘सापडला’ लिहायचं नाही.

२. खातं आणि हत्यारं

जिओकॅशिंगचं साधं खातं फुकट आहे आणि आठ-दहा डब्यांपर्यंत पुरतं. या चॅलेंजसाठी मात्र प्रीमियम सदस्यत्व घ्याच, असं मी आग्रहाने सांगेन. बरेच डबे फक्त प्रीमियम सदस्यांनाच दिसतात, आणि लहान काउंटीत निवडीला वाव हवा असतो. दुसरं म्हणजे यादी फोनवर उतरवून ठेवता येते. पूर्वेकडे गावं मागे पडली की नेटवर्क जातं. तेव्हा उतरवलेली यादी आणि ऑफलाइन नकाशा यांवरच काम चालतं.

त्यासोबत प्रोजेक्ट-जीसी या साइटवर आपलं जिओकॅशिंगचं खातं जोडून ठेवा. काउंटीनिहाय नकाशा तिथे दिसतो आणि बहुतेक चेकरही तिथलेच असतात. आज नोंदवलेला डबा तिथे दिसायला वेळ लागू शकतो, तेव्हा त्याच रात्री काउंटी रिकामी दिसली तर घाबरू नका. अॅडव्हेंचर लॅबचे (डब्याशिवाय, अॅपवर खेळायचे) टप्पे तुमच्या एकूण आकड्यात धरले जातात, पण काउंटीच्या हिशेबात त्यांच्या भरवशावर राहू नका.

३. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं:
• वाहन परवाना, गाडीचे कागद, विमा.
• व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद). व्हॉटकम, ओकानोगन, फेरी, स्टीव्हन्स आणि पेंड ओरेल या पाच काउंट्या कॅनडाच्या सीमेला लागून आहेत. तिथे सीमा-गस्तीची वाहनं फिरतात. शिवाय अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकांनी नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा कायदाच आहे.
• स्टेट पार्कसाठी डिस्कव्हर पास. तो नसताना गाडी लावली तर ९९ डॉलरचा दंड आहे. जंगल खात्याच्या बऱ्याच पायवाटांना नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास वेगळा लागतो.

सामान:
• पेन आणि शिसपेन्सिल, दोन्ही. थंडीत बॉलपेन लिहीत नाही, ओल्या कागदावर तर नाहीच. पेन्सिल कुठेही चालते.
• चिमटा. नॅनो नावाचा डबा करंगळीच्या टोकाएवढा असतो आणि आत कागदाची घट्ट गुंडाळी. बोटांनी ती बाहेर येत नाही, आली तर पुन्हा आत जात नाही.
• बागकामाचे हातमोजे, टॉर्च, पॉवर बँक, पाणी, आणि लहान मुलं असतील तर भरपूर खाऊ. पोमरॉयसारख्या गावात रविवारी संध्याकाळी काय उघडं असेल याची खात्री नसते. पराठे, चटणी, दशम्या घरून न्या.

४. काउंट्यांचे गट पाडा

‘जमेल तशा करू’ असं म्हटलं की जवळच्या वीसेक काउंट्या होतात आणि दूरच्या वर्षानुवर्षं राहतात. म्हणून सुरुवातीलाच नकाशा समोर घ्या. आम्हाला सहा गट सोयीचे पडले.

पहिला गट आय-५ महामार्गाचा. उत्तरेकडून व्हॉटकम, स्कॅजिट, स्नोहोमिश, किंग, पिअर्स, थर्स्टन, लुईस, काउलित्झ, क्लार्क, अशा नऊ काउंट्या एका सरळ रेषेत येतात. ठरवलं तर एका लांब दिवसात होतात, पण तशी घाई करू नका. या काउंट्या येता-जाता होतातच. सुट्ट्या त्यांच्यावर खर्च करू नका.

दुसरा गट सर्वांत मोठा, तेरा काउंट्यांचा, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. तीन दिवसांची जोडसुट्टी धरा. आय-९० ने एलेन्सबर्ग (किटिटास), तिथून आय-८२ ने याकिमा, मग ट्राय-सिटीज. तिथे केनेविक आणि रिचलँड बेंटन काउंटीत आहेत तर नदीपलीकडचं पॅस्को फ्रँकलिनमध्ये, म्हणजे एक पूल ओलांडला की दुसरी काउंटी. पुढे हायवे १२ धरा: वॉला वॉला, डेटन (कोलंबिया), पोमरॉय (गारफिल्ड), क्लार्कस्टन (असोटिन). तिथून उत्तरेला पुलमन किंवा कोलफॅक्स (व्हिटमन), मग स्पोकेन, आणि परतताना आय-९० वरच लिंकन, अ‍ॅडम्स, ग्रँट.

गारफिल्ड काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत २,२८६ होती. आपल्या किंग काउंटीची २२ लाखांच्या वर. एकाच राज्यात, एकाच दिवसाच्या अंतरावर. पोमरॉयच्या आसपास जून-जुलैत दोन्ही बाजूंना गव्हाच्या टेकड्याच टेकड्या दिसतात आणि मैलोन्‌मैल दुसरी गाडी दिसत नाही. अशा एखाद्या जुन्या दफनभूमीच्या फाटकापाशी डबा शोधायला उतरलात तर दहा मिनिटं तिथेच थांबा. गव्हावरून जाणारा वारा ऐकू येतो. देशावरचं माणूस असाल तर ज्वारीची शेतं आठवतील.

तिसरा गट ईशान्येचा. स्पोकेनहून न्यूपोर्ट (पेंड ओरेल), मग कोलव्हिल (स्टीव्हन्स), केटल फॉल्सवरून शर्मन पास चढून रिपब्लिक (फेरी), तिथून ओमाक (ओकानोगन), आणि हायवे ९७ ने खाली येत डग्लस आणि शेलान. शर्मन पास ५,५७५ फुटांवर आहे. बारमाही खुल्या असलेल्या राज्यातल्या घाटांत हा सर्वांत उंच. रस्ता निवांत आहे, पण पेट्रोल भरल्याशिवाय कोलव्हिल सोडू नका.

चौथा गट पश्चिमेचा: किटसॅप, मेसन, जेफरसन, क्लॅलम, ग्रेज हार्बर, पॅसिफिक, वाहकायकम. सिअॅटलहून बेनब्रिजची फेरीबोट घेतली की किटसॅपमध्ये उतरता, पुढे हायवे १०१ ऑलिंपिक द्वीपकल्पाला वळसा घालतो. वाहकायकमचं कॅथलामेट वाटेत सहज येत नाही, त्यासाठी हायवे ४ धरावा लागतो. तेवढी एक काउंटी मागे राहिली तर पुन्हा चार-पाच तासांची रपेट होते, तेव्हा ती याच वेळी उरका.

पाचव्या गटात कोलंबिया गॉर्जच्या दोनच काउंट्या, स्कामानिया आणि क्लिकिटाट. व्हँकुव्हरहून (वॉशिंग्टनमधल्या, कॅनडातल्या नव्हे) हायवे १४ धरा. बीकन रॉक चढायला पाऊण-एक तास ठेवा, वरून दिसणारी नदी पाहण्यासारखी आहे.

सहावा गट बेटांचा. आयलंड काउंटीला फेरी लागतेच असं नाही. डिसेप्शन पासच्या पुलावरून व्हिडबी बेटावर किंवा स्टॅनवूडवरून कमानो बेटावर गाडीने जाता येतं. सॅन वॉनला मात्र नियमित फेरी अॅनाकोर्टिसहूनच, आणि नव्या माणसाचे पैसे इथेच वाया जातात. उन्हाळ्यात गाडीसकट जायचं तर आधी आरक्षण केलेलं बरं आणि भाडंही चांगलंच पडतं. चॅलेंजसाठी गाडी नेण्याची गरजच नाही. अॅनाकोर्टिसला गाडी लावा, पायी फेरीत बसा, सव्वा-दीड तासात फ्रायडे हार्बर. गाव धक्क्यापाशीच सुरू होतं, त्यामुळे चालत जाता येईल असा डबा आधी नकाशावर हेरून ठेवा. पायी प्रवाशांना आरक्षण लागत नाही, अठरापर्यंतच्या मुलांना तिकीट नाही आणि परतीचं वेगळं भाडं नाही. परतीच्या फेरीची वेळ मात्र आधीच टिपून ठेवा. दिवसातून मोजक्याच असतात.

५. डबा निवडताना

एका काउंटीत एकच डबा ठरवून निघू नका. तीन ठेवा. डबे हरवतात, पाण्यात वाहून जातात, रस्त्याच्या कामात उखडले जातात. दीडशे मैल जाऊन रिकामा खड्डा पाहावा लागला तर मुलं पुढच्या वेळी यायची नाहीत.

प्रत्येक डब्याच्या पानावर शेवटचे चार-पाच शेरे वाचा. गेल्या दोन-तीन महिन्यांत कुणाला सापडला असेल तर निवडा. शेवटचे दोन-तीन शेरे ‘सापडला नाही’ असे असतील तर सोडा. डिफिकल्टी (शोधायला किती अवघड) आणि टेरेन (वाट किती अवघड) हे दोन आकडे १ ते ५ मध्ये असतात. दोन्ही २ किंवा त्याखाली ठेवा. टेरेन ५ म्हणजे बहुधा दोर, होडी असं काहीतरी खास साधन लागतं.

ऑलिंपिक किंवा रेनियरसारख्या नॅशनल पार्कच्या आत साधे डबे शोधत बसू नका. पार्क खात्याच्या परवानगीशिवाय तिथे डबे ठेवता येत नाहीत, म्हणून मुख्यतः अर्थकॅश आणि व्हर्च्युअल असतात. व्हर्च्युअलमध्ये आणि अर्थकॅशमध्ये डबाच नसतो; अर्थकॅशमध्ये तिथल्या खडकाबद्दल, पाण्याबद्दल प्रश्न असतात आणि उत्तरं मालकाला पाठवायची. तुमच्या चॅलेंजला तो प्रकार चालतो का ते आधी पाहा. चालत असेल तर जरूर करा. शाळेत जाणाऱ्या मुलांना भूगोल शिकवायला याहून चांगली जागा नाही.

६. सीमेवरचे सापळे

हा भाग दोनदा वाचा.

• कोलंबिया काउंटीला कोलंबिया नदी लागतच नाही. ती आग्नेयेला डेटनच्या आसपास आहे. शिवाय नदीपलीकडे ओरेगनमध्येही एक कोलंबिया काउंटी आहे. शोधताना राज्य तपासा.

• क्लार्कस्टनहून पुलमनला जाणारा मुख्य रस्ता थोडा वेळ आयडाहोतून जातो. लुईस्टनच्या घाटावरचे डबे मोहात पाडतात, पण ते वॉशिंग्टनच्या हिशेबात नाहीत.

• पॉइंट रॉबर्ट्स व्हॉटकम काउंटीत आहे, पण रस्त्याने जायचं तर कॅनडात शिरून पुन्हा अमेरिकेत यावं लागतं. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल आणि पासपोर्टवरचा शिक्का संपलेला असेल तर एका डब्यासाठी हा धोका मुळीच पत्करू नका. बेलिंगहॅममधला कुठलाही डबा व्हॉटकमसाठी पुरतो.

• कोड्याच्या डब्यांत नकाशावरची जागा आणि डब्याची खरी जागा वेगळ्या असतात. प्रोजेक्ट-जीसी नकाशावर छापलेल्या जागेची काउंटी धरतं. सीमेजवळचं कोडं असेल तर तुम्ही एका काउंटीत सही करता आणि नोंद दुसरीत पडते. या चॅलेंजसाठी साधे, पारंपरिक डबे बरे.

• डिसेप्शन पासचं स्टेट पार्क स्कॅजिट आणि आयलंड अशा दोन काउंट्यांत पसरलंय. पार्कच्या नावावरून काउंटी ठरवू नका.

• स्नोक्वाल्मी बोगदा (जुन्या रेल्वेचा, आता पायवाटेचा) सव्वादोन मैलांचा. हायॅकच्या बाजूने शिरता तेव्हा किटिटासमध्ये असता, पश्चिमेला बाहेर पडता तेव्हा किंगमध्ये. पश्चिम तोंडापाशी २००१ मधला एक फार प्रसिद्ध डबा आहे आणि तो पाहायला लोक दुरून येतात. जरूर जा, दोन टॉर्च आणि स्वेटर घेऊन. भर जुलैतही आत गारठा असतो. फक्त तो किटिटाससाठी धरू नका.

सीमा मदतीलाही येते. वेनॅची आणि ईस्ट वेनॅची यांच्यामध्ये कोलंबिया नदी आहे, आणि दोन्ही काठांनी फिरून येणारी अॅपल कॅपिटल नावाची पायवाट आहे. एका संध्याकाळच्या फेरफटक्यात शेलान आणि डग्लस, दोन्ही होतात.

७. ऋतू पाहून निघा

पूर्वेकडचे आणि ईशान्येचे गट मे-जून किंवा सप्टेंबरमध्ये करा. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे पारा फार चढतो आणि वणव्यांमुळे रस्ते बंद होतात, धूर असतो. हायवे २० चा नॉर्थ कॅस्केड्समधला भाग साधारण नोव्हेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत बंद असतो, आणि स्नोक्वाल्मी बोगदाही १ नोव्हेंबर ते १ मे बंद. हिवाळ्यात घाट ओलांडायचा तर चाकांना लावायची चेन गाडीत हवी आणि निघण्याआधी राज्याच्या वाहतूक खात्याचं घाटांचं पान पाहायलाच हवं.

पश्चिमेचा गट हिवाळ्यातही जमतो, पावसाची तयारी असेल तर. कोकणातला पाऊस पाहिलेल्या माणसाला हा काही फार वाटणार नाही.

८. डब्यापाशी पोहोचल्यावर

जीपीएस दहा-पंधरा फुटांपर्यंत आणतो, पुढचं डोळ्यांनी. फोन खिशात ठेवा आणि ‘मी असतो तर कुठे लपवला असता’ असा विचार करा. रस्त्याच्या कठड्याच्या मागे चुंबकाने चिकटवलेला असतो. कुंपणाच्या खांबाच्या टोपीखाली असतो. पार्किंगमधल्या दिव्याच्या खांबाच्या बुडाशी धातूचं झाकण असतं, ते हलकेच वर सरकतं आणि खाली डबा. जंगलात असेल तर झाडाच्या बुंध्याशी जरा जास्तच नीटनेटक्या रचलेल्या काटक्या शोधा.

पूर्वेकडे दगडाखाली उघडा हात घालू नका. तिथे रॅटलस्नेक असतात; आधी काठीने दगड हलवा. वसंतात सेजब्रशच्या झुडपांमधून चाललात तर गाडीत बसण्यापूर्वी मुलांच्या पायांवर गोचीड नाही ना ते बघा. गॉर्जमध्ये पॉयझन ओक असतं, तीन-तीन पानांचं. त्याला हात लावू नका.

आसपास लोक असतील तर थांबा, ते गेल्यावर शोधा. कुणी शेतकरी किंवा पोलीस विचारपूस करायला आला तर सरळ सांगा आणि अॅप दाखवा. लहान गावांत बहुतेकांना हा खेळ ठाऊक असतो. गप्पा निघतात, कधीकधी पुढच्या डब्याची वाटही कळते. कुंपण किंवा ‘प्रवेश नाही’ची पाटी दिसली तर मात्र मागे फिरा, जीपीएसचा बाण काहीही सांगो. ओकानोगन आणि फेरी काउंट्यांचा दक्षिण भाग कोलव्हिल आदिवासी राखीव क्षेत्रात येतो. तिथे सार्वजनिक रस्ता सोडून आत शिरू नका.

९. नोंद त्याच रात्री

मुक्कामी पोहोचलात की झोपण्याआधी नोंदी पूर्ण करा. डब्याचं नाव, त्याचा कोड, काउंटी, तारीख, आणि सहीचा एक फोटो. कागदावर सही नसेल तर मालक साइटवरची नोंद काढून टाकू शकतो, आणि चार महिन्यांनी पोमरॉयला परत कोण जाणार? फोटो टाकताना डब्याची जागा उघड होणार नाही एवढं पाहा.

दोन शब्दांची नोंद टाकू नका. हे डबे लोक पदरचे पैसे खर्चून ठेवतात, उन्हापावसात जाऊन दुरुस्त करतात. लहान काउंटीतल्या माणसाला महिन्यातून एखादीच नोंद वाचायला मिळते. कुठून आलात, काय आवडलं, कागद भिजला आहे का, एवढं लिहा. झाकण फुटलं असेल तर देखभालीची सूचना टाका.

१०. एकोणचाळीस झाल्यावर

चेकर चालवा. सगळ्या काउंट्या हिरव्या दिसल्या की त्याचा निकाल, आणि सोबत तुमची यादी, चॅलेंजच्या नोंदीत चिकटवा. सही आधीच केली असेल तर टीप तशीच राहू द्या आणि ‘सापडला’ची नवी नोंद करा. सही राहिली असेल तर आता जा. एखादी काउंटी रिकामी दिसली तर बहुधा कोड्याचा डबा किंवा सीमेवरचा डबा असतो. त्या डब्याचं पान उघडून छापलेली जागा तपासा, म्हणजे लगेच कळतं.

पुढे जायचं असेल तर ओरेगनमध्ये ३६ काउंट्या आहेत आणि आयडाहोत ४४. वाहकायकमच्या वेळी कॅथलामेटला मुक्काम केलात तर तिथल्या पजेट बेटावरून छोटी फेरी नदीपलीकडे ओरेगनच्या वेस्टपोर्टला जाते, आणि तिथे तुमच्या पुढच्या यादीतली पहिली काउंटी लागते.